तिसरी भेट

४ जानेवारी २०१६, सोमवार

वही नवी, नोकरी नवी, चप्पल पण नवी आणि तीच तेवढी चावतेय. बाकी सगळं झकास.

उस्मानपुऱ्यात पीर बाजाराच्या मागच्या गल्लीत एका पिवळ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं आरोग्य अभ्यास केंद्र आहे. नाव भारदस्त, जागा तीन खोल्यांची. एकीत संचालक डॉ. काकासाहेब गाडेकर बसतात, एकीत बैठका होतात आणि मधल्या मोठ्या खोलीत ग्रंथालय. तिथं ग्रंथपाल आशाबाई आणि आजपासून मी, भिकन दांडगे, शोध सहायक. आईला फोनवर हुद्दा सांगितला तर तिनं विचारलं, काय हरवलंय त्यांचं. म्हटलं, आरोग्यावरचे शोधनिबंध आहेत, जगभर पांगलेत, ते हुडकून गोळा करायचे. ती म्हणाली, मंग मेंढरांपरीस बरं, पळत तर नाहीत. आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं राखली, तेव्हा हे काम रक्तातच आहे म्हणायचं.

आशाबाईंनी पहिल्याच दिवशी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, बोलणं ऐसपैस, सगळ्यांना बाबा म्हणतात, पाठीमागं डॉक्टरांनासुद्धा. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं उरतात, त्यात खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर बसून रोज लिहीन. आधीच्या नोकऱ्यांबद्दल कुणी फारसं खोदून विचारलं नाही. बरंच झालं.

६ जानेवारी, बुधवार

आज काम समजलं. जिल्ह्यातून केंद्राला एक प्रश्न आलाय. गरोदर बाईचं रक्त कमी असेल तर लोहाची गोळी रोज द्यावी की आठवड्यातून एकदा दिली तरी भागेल? रोजच्या गोळीनं मळमळतं, म्हणून बाया गोळ्या उकिरड्यावर टाकतात. आठवड्याला एकच असली तर घेतील. पण ती कमी पडली तर बाळंतपणात बाई हातची जाईल. आठ फेब्रुवारीच्या बैठकीत उत्तर द्यायचं आणि जिल्हाभर पुढं तसंच होणार.

उत्तर मनानं द्यायचं नाही. या विषयावर जगात जेवढे अभ्यास झालेत तेवढे सगळे आधी गोळा करायचे, एकही सुटता कामा नये. त्यासाठी डेटाबेस. म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांतल्या लेखांची अफाट सूची, प्रत्येक नोंदीत लेखाचं नाव, लेखक, साल आणि दहा-बारा ओळींचा सारांश. त्याला शब्द द्यायचे. एकाच अर्थाचे शब्द ‘किंवा’नं जोडायचे, कारण कुणी गरोदर लिहितं, कुणी गर्भवती, कुणी नुसतं माता. मग असे गट ‘आणि’नं बांधायचे. ‘किंवा’ जास्त झालं की शेजाऱ्याची मेंढरं पण येतात, ‘आणि’ जास्त झालं की आपलीच बाहेर राहतात. माझ्या पहिल्या शोधात त्रेसष्ट हजार नोंदी आल्या. डॉक्टर हसले. संध्याकाळपर्यंत शब्द नीट बांधून, दुबार नोंदी काढून त्या अकराशे चौऱ्याऐंशीवर आणल्या.

आता प्रत्येक नोंद दोघांनी वाचायची, मी आणि आशाबाईंनी. वेगवेगळं वाचायचं, घ्यायची की वगळायची ते सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, एकमेकांचं बघायचं नाही. मतं जुळली नाहीत तर तिसरा माणूस, म्हणजे डॉक्टर, ठरवणार. डॉक्टर म्हणाले, माणूस थकतो, माणसाच्या मनात काहीबाही असतं, म्हणून दोन जोड डोळे.

१२ जानेवारी, मंगळवार

६४० व्या नोंदीशी थांबलो. अजिंठ्याजवळच्या तीन गावांतल्या दोनशे बारा गरोदर बाया. निम्म्यांना रोज गोळी, निम्म्यांना आठवड्याला एक. निष्कर्ष असा की दोन्हींत फरक नाही.

हा अभ्यास मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी एका संस्थेनं केला होता, ती संस्था आता नाही. गावोगाव फिरून फॉर्म भरणाऱ्यांत मी होतो. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात आमचे आभार मानलेत, त्यात माझं नाव नाही एवढं बरं.

मी ‘वगळा’ दाबलं. कारण लिहिलं, विषय वेगळा. मग खाली जाऊन चहा घेतला. ही वही माझी आहे, इथं खरं लिहायला कुणाची आडकाठी नाही. तरी आज नको.

१५ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. आशाबाईंनी तिळगूळ दिला आणि बरोबर एका चिठ्ठीवर पासवर्ड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन उन्हाळ्यात करणार, तोवर साहेबाला कळू द्यायचं नाही. म्हणाल्या, बाबा, तुझे डोळे चांगलेत, तूच टाक माझंबी. तू वाचतोयसच की.

मी हो म्हटलं. त्यांच्यावर उपकार केल्यासारखं हो म्हटलं, पण आतून मला आनंद झाला, तो कशाचा ते मला चांगलं कळत होतं. दुपारभर त्यांच्या नावानं भरत बसलो. सगळं माझ्यासारखंच झालं तर संशय येईल म्हणून दर वीस-पंचवीस नोंदींनंतर मुद्दाम एखादं मत वेगळं टाकलं. हे कसं करायचं ते मला शिकवावं लागत नाही. ६४० आली तेव्हा त्यांच्या नावानंही वगळली.

१८ जानेवारी, सोमवार

सकाळी मतं जुळवली. ६४० ला दोन ‘वगळा’ आहेत आणि त्याखाली तिसरा एक ‘घ्या’. दोघांची मतं जुळलेली असताना तिसऱ्या माणसाकडं नोंद जातच नाही. तरी आहे. शेऱ्याच्या जागी लिहिलंय:

माझ्याकडं कुणी आलं नाही.

डॉक्टरांना आडून विचारलं. ते म्हणाले, मी अजून उघडलेलंच नाही, तुमचं होऊ द्या आधी. मी ती ६४० वी नोंदच यादीतून पुसून टाकली. शेजारी बसलेल्या आशाबाईंना ते दिसलं नाही. त्यांना दिसत नाही याचं मला बरं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली.

२१ जानेवारी, गुरुवार

लिहून टाकतो.

अजिंठ्याच्या पलीकडं, घाटावरच्या पठारावर मेंढपाळांची एक वाडी आहे. आमचेच लोक. तिथल्या एकेचाळीस गरोदर बायांचे फॉर्म माझ्याकडं होते, सगळ्या आठवड्याच्या गोळीवाल्या. तीन भेटी द्यायच्या. प्रत्येक भेटीत पाच-सहा प्रश्न विचारायचे, खालची पापणी ओढून लाली बघायची, बोटातून थेंबभर रक्त घेऊन छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिन मोजायचं. नऊच्या खाली आलं की संस्थेची जीप बोलवायची आणि बाईला तालुक्याला पाठवायचं.

दोन भेटी दिल्या. तिसरी मे महिन्यात आली. बस फाट्यावर सोडते, पुढं दोन तास चढ, सावली नाही. मी फाट्यावरच्या हॉटेलात बसलो, जिथं लेणी बघायला आलेली माणसं चहा पितात. तिथंच बसून एकेचाळीस फॉर्म भरले. दोन पेनं वापरली. दोघीतिघींना मळमळ लावली, एकीला चक्कर. आकडे मागच्यापेक्षा थोडे चढते ठेवले, म्हणजे गोळी लागू पडतेय असं दिसेल. त्या दिवशी मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे पण लिहायला पाहिजे.

बानाबाई म्हणून एक होती. एकोणीस वर्षांची. दुसऱ्या भेटीत तिचं नऊ पूर्णांक तीन होतं आणि हंडा उचलला की डोळ्यापुढं अंधारी येते म्हणाली होती. तिला मी अकरा पूर्णांक चार दिलं. थकवा नाही. बाराव्या दिवशी ती बाळंतपणात गेली, बाळ पण गेलं.

मला कळलं ते फॉर्मवर अंगठे घ्यायला गेलो तेव्हा. तिचा सासरा केरबा झाडाखाली लोकर कातत बसला होता. मी आलो नव्हतो हे त्याला ठाऊक होतं, अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, पाव्हणं, ऊन लई व्हतं, तुमी तरी कसं येनार. आणि सुनेच्या नावापुढं, मी बोट ठेवलं तिथं, अंगठा उमटवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या भेटीनंतर काय झालं ते अभ्यासात धरायचं नव्हतं. म्हणून लेखात मृत्यू शून्य आहेत.

२५ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी मधेच एक वेगळं काम दिलं. बोअरच्या पाण्यामुळं पोरांचे दात पिवळे पडतात, त्यावर काही सापडतं का बघा. दात, पाणी, फ्लोराइड, एवढेच शब्द टाकले. एकच नोंद आली.

तीच. अजिंठा, दोनशे बारा बाया.

शब्द बदलले. कुत्रा चावणे. खरूज. मोतीबिंदू. दर वेळी एकच नोंद. आशाबाईंच्या जुन्या संगणकावर टाकून बघितलं, तिथंही तेच. त्या शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, सापडलं का बाबा. म्हटलं, सापडलं.

२७ जानेवारी, बुधवार

त्या लेखाचा सारांश बदललाय. सहभागी दोनशे तेरा.

संस्थेची यादी मला पाठ आहे, बाया दोनशे बाराच होत्या. दुपारभर हिशेब लागेना आणि मग एकदम लागला. बाळ.

डबा उघडला, पण खाववेना.

२९ जानेवारी, शुक्रवार

मी पुसलेला लेख डॉक्टरांना आपणहून आठवला. छापून आला तेव्हाच त्यांनी तो वाचला होता. म्हणाले, भिकनराव, आपल्या मातीतला अभ्यास आणि तुमच्या यादीत कसा नाही, शब्द कुठंतरी चुकले असतील. रागावले नाहीत, उलट समजावून सांगितलं. बाकीचे चौदा अभ्यास परदेशातले किंवा लांबच्या राज्यांतले आहेत, त्यांत आठवड्याची गोळी थोडी कमीच पडते. पण हा आपल्याच जिल्ह्यातला, म्हणून याला सगळ्यांत जास्त वजन. म्हणजे उत्तर बदललं. जिल्हाभर आठवड्याला एक गोळी.

त्यांनी मला विचारलं, अजिंठ्याकडचेच ना तुम्ही, काय वाटतं, खरा असेल का अभ्यास. एवढी सोपी संधी कुणाला मिळते. खोलीत आम्ही दोघंच होतो, पंखा पण बंद होता.

मी म्हणालो, चांगला आहे सर.

बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी असं वाटलं. तेवढंही केलं नाही, कारण वरून कुणीतरी येत होतं.

१ फेब्रुवारी, सोमवार

आता यादीतल्या बऱ्याच नोंदींवर तिसरं मत येऊन बसलंय. आफ्रिकेतला अभ्यास, पेरूमधला, त्यांच्यावरही शेरा आहे. आणि सगळे एकाच बाईचे नाहीत. दर नोंदीला वेगळी बाई.

मी घरीच व्हते.
दार उघडं ठिवलं व्हतं.
सासूनं च्या ठिवला व्हता तुमच्यासाठी.
मला चक्कर कुठं येत व्हती, तुमीच लिवली.

मोजले. एकेचाळीस. शेवटचा बानाबाईचा असावा, त्यात काहीच लिहिलेलं नाही, जागा नुसती मोकळी आहे.

चहा ठेवला होता. हे मला माहीत नव्हतं.

३ फेब्रुवारी, बुधवार

भर दुपारी, बारा वाजता. वाचायच्या लांब टेबलाच्या शेवटच्या खुर्चीत एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, मान खाली. मी कपाटाआडून बघितलं. पोट दिसत होतं.

आशाबाईंना हळूच विचारलं, तिकडं कुणी आहे का. वाटलं, त्यांना काय दिसणार. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाल्या, हाय की, सकाळपास्नं बसलीय लेकरू, तुझ्याकडंच आलीय म्हनं. पायावर किती सूज हाय बघ तिच्या. हिरव्या काठाचं लुगडं चांगलं दिसतं तिला.

आशाबाईंना दोन हातांवरचं माझं तोंड दिसत नाही.

मी मागच्या जिन्यानं घरी गेलो.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सुट्टी टाकली. आज आलो तर ती आहे. दोन खुर्च्या पुढं सरकलीय.

डॉक्टरांना सांगणार होतो. तीनदा दारापर्यंत गेलो. एकदा ते फोनवर होते. एकदा मी पाणी प्यायलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, काही काम होतं का. म्हटलं — तक्ते झालेत सर, बांधायला देतो.

मला भीती तिची वाटत नाही. म्हणजे वाटतेच. पण जास्त ही की, डॉक्टर मला भिकनराव म्हणतात. आई गावात सांगते, पोरगं मोठ्या हापिसात आहे. खरं बोललो की हे सगळं —

आणि नाही बोललो तर जिल्ह्यात किती बाया. हा आकडा मी काढलाय. इथं लिहीत नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

चिठ्ठी लिहिली. चार ओळी. तिसऱ्या भेटीचे एकेचाळीस फॉर्म मी फाट्यावर बसून भरले. वाडीत गेलो नाही. तो लेख धरू नये. खाली सही.

उद्या बैठक सुरू होण्याआधी हातात देणार. देणारच. फार वर्षांनी जेवण गोड लागलं.

८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळचे दहा. बैठक अकराला. चिठ्ठी वरच्या खिशात आहे. डॉक्टर पाहुण्यांना घ्यायला खाली गेलेत, वर आले की देतो.

दहा वीस. ती माझ्या टेबलासमोर बसलीय. मधे दीड हात. टेबलावर फॉर्म आहे, मी आणलेला नाही. जुनाच छापील, तिसरी भेट.

तिनं बोट पुढं केलंय. रागावलेली नाही. वाट बघतेय, एवढंच. मला वाटतं हे एकदा नीट केलं तर — सगळं विचारतो. जसं विचारायला पाहिजे होतं तसं.

हंडा उचलला की अंधारी येते का. व्हय म्हणाली. बसल्या बसल्या पण येते.

पाय. सुजलेत. चप्पल जात नाही म्हणाली.

पोटात बाळ फिरतं का. तिनं पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. नाय म्हणाली.

पापणी ओढून बघितली. पांढरी. नुसती पांढरी. कातडी गार आहे. बोट टोचलं, दाबलं. थेंब येत नाही. दुसरं बोट. नाही.

पावणेअकरा. दारातून डॉक्टरांनी विचारलं, सगळे आलेत, झालं का तुमचं. मी म्हणालो झालं. ते म्हणाले, मग आणा. आणि गेले. चिठ्ठी खिशातच —

फॉर्मकडं बघितलं. भरलेला आहे. अक्षर माझं. शाई ओली आहे. थकवा नाही. सूज नाही. बाळाची हालचाल चांगली. अकरा पूर्णांक चार.

ती समोर होती. मी तिच्या डोळ्यांत बघून विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं. तरी हे —

पेन माझ्याच हातात आहे.

ती उठली. खाली अंगठा उमटवला आणि गेली. जाताना खुर्ची नीट आत सरकवून गेली.

चिठ्ठी काढली. ती पण फॉर्मच आहे. कोरा.

दुसरी येऊन बसली. दारात आशाबाई नावं पुकारताहेत, म्हणतात, घाई करू नका बायांनो, बाबा एकेकीचं बघून लिहितोय. जिन्यावर अजून एकोणचाळीस.

वर बघायला पाहिजे. नुसतं वर बघायचं आहे. मान उचलत नाही — बैठकीतून हाक आली — हात चाललाय —

थकवा नाही. चक्कर नाही. मळमळ ना